विमानतळावरचा स्लॉट: मिळतो कसा, टिकतो कसा आणि विकला जातो तो नेमका काय

गजबजलेल्या विमानतळांवर विमान कंपन्यांना उतरण्या-उडण्याचे स्लॉट, म्हणजे ठरावीक वेळा, मिळतात कसे, आणि आगमन-निर्गमनाच्या एकेका जोडीसाठी कोट्यवधी डॉलर मोजल्याच्या बातम्या येतात त्यात विकलं काय जातं, असा प्रश्न आहे.

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो, म्हणजे पहिल्याचा गुंता सुटेल. स्लॉट वाटणारा को-ऑर्डिनेटर वेळेची किंमत घेत नाही. लंडनच्या हीथ्रो विमानतळावरची सकाळची वेळसुद्धा वाटपात ज्याला पहिल्यांदा मिळाली त्याला फुकटच मिळाली. पैसे मोजले जातात ते ‘पुढच्या वर्षीही हीच वेळ माझी’ या हक्कासाठी. या धंद्यात त्याला ‘हिस्टॉरिक’ म्हणतात. तो मिळतो वापरातून, आणि वापरात खंड पडला की जातो. पुढचे सगळे नियम, खटले आणि भाव या एका गोष्टीभोवती फिरतात.

एक गैरसमज इथेच दूर करू. ‘आमच्या विमानाला स्लॉट मिळाला नाही म्हणून उशीर झाला’ असं वैमानिक सांगतो, तो स्लॉट वेगळा. त्या दिवशीची गर्दी किंवा हवामान पाहून हवाई वाहतूक नियंत्रण उड्डाणाची वेळ देतं, ती ही. युरोपात तिला ५ मिनिटं आधी ते १० मिनिटं नंतर एवढीच सवलत असते. आपण बोलतोय तो विमानतळाचा स्लॉट, जो हंगाम सुरू होण्याच्या कितीतरी महिने आधी ठरतो. जगातल्या बहुतेक ठिकाणी त्यावरची वेळ चाकं धावपट्टीला टेकण्याची नसते, तर विमान स्टँडवर, म्हणजे उभं राहण्याच्या जागेवर, येण्याची आणि स्टँडवरून निघण्याची असते. त्यामुळे त्या एका परवानगीत धावपट्टी, पार्किंगची जागा, टर्मिनल, सगळंच येतं. धावपट्टी मोकळी असूनही विनंती नाकारली जाते ती बहुधा याच कारणाने: त्या तासाला स्टँड उरलेला नसतो किंवा टर्मिनलची प्रवासीमर्यादा भरलेली असते.

हे सगळं लागू होतं ते तिसऱ्या पातळीच्या विमानतळांना. पहिल्या पातळीवर मागणीपेक्षा क्षमता जास्त, वाटपाचा प्रश्नच येत नाही. दुसऱ्या पातळीवर ठरावीक वेळीच गर्दी होते आणि कंपन्या समजुतीने दहा-वीस मिनिटं पुढेमागे सरकतात. तिथे हिस्टॉरिक हक्क नसतो. तिसऱ्या पातळीवर मात्र को-ऑर्डिनेटरने दिलेल्या स्लॉटशिवाय नियमित सेवा सुरूच करता येत नाही. अशा विमानतळांची संख्या जगभरात दोनशेच्या वर आहे. विमान कंपन्यांची संघटना आयाटा, विमानतळांची संघटना एसीआय आणि को-ऑर्डिनेटरांची जागतिक संघटना यांनी मिळून काढलेली मार्गदर्शक तत्त्वं २०२० पासून वापरात आहेत. युरोपीय संघात १९९३ चं नियमन क्रमांक ९५ हा कायदा आहे. देशाचा कायदा आणि तत्त्वं यांत फरक पडला तर कायदाच चालतो.

क्षमता आधी जाहीर होते, वाटप नंतर. तासाला किती विमानं एवढाच आकडा जाहीर होतो असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात मर्यादा एकावर एक रचलेल्या असतात: तासाला इतकी, १५ मिनिटांत इतकी, त्यात आगमनं इतकी, निर्गमनं इतकी, अमुक टर्मिनलला तासाला इतके प्रवासी, मोठ्या विमानांचे स्टँड इतके. हीथ्रोवर याशिवाय वर्षाला ४,८०,००० विमान-हालचालींची कमाल मर्यादा आहे, आणि रात्री साडेअकरा ते सकाळी सहा या वेळेत वर्षभरात ५,८०० ची. पहाटेचं आगमन तिथे इतकं महाग का, याचं अर्धं कारण या दुसऱ्या आकड्यात आहे.

वर्षाचे हंगाम दोनच. उन्हाळी हंगाम मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होतो, हिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. उन्हाळ्याची पायरीपायरीने होणारी प्रक्रिया सांगतो. आधी को-ऑर्डिनेटर प्रत्येक कंपनीला तिच्या हिस्टॉरिक स्लॉटची यादी पाठवतो. यादीत चूक असेल तर हरकत ठरलेल्या मुदतीतच घ्यायची. मुदत उलटली की यादी मान्य आहे असं धरलं जातं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला सगळ्या विनंत्या एकदम जातात. ऑक्टोबरच्या अखेरीस किंवा नोव्हेंबरच्या पहिल्या दिवसांत पहिलं वाटप हाती येतं. नोव्हेंबरच्या मध्याला जागतिक स्लॉट परिषद भरते. नको असलेल्या मालिका (एकाच वारी, एकाच वेळी, आठवड्यामागून आठवडा येणारे स्लॉट) १५ जानेवारीपर्यंत परत करायच्या, आणि ३१ जानेवारीला जे हातात असेल तो वापराच्या हिशेबाचा पाया. हिवाळ्यासाठी हेच चक्र मे महिन्यातल्या विनंत्या, जूनमधली परिषद, १५ ऑगस्ट आणि ३१ ऑगस्ट असं फिरतं.

विनंती म्हणजे ठरलेल्या साच्यातला संदेश, एका फेरीसाठी एक ओळ. उदाहरणार्थ, ओळीच्या सुरुवातीला ‘एन’ हे अक्षर, म्हणजे नवी मागणी. मग येणाऱ्या आणि जाणाऱ्या फ्लाइटचे क्रमांक, मग कालावधी, मग १०३०५०० असा सात अंकांचा गट: सोमवार, बुधवार, शुक्रवार, शून्य म्हणजे त्या वारी फ्लाइट नाही. पुढे १८०३२०: पहिले तीन अंक आसनांचे, शेवटचे तीन विमानाच्या प्रकाराचे, म्हणजे १८० आसनांचं ए३२०. मग कुठून येणार आणि किती वाजता, किती वाजता निघणार आणि कुठे जाणार, शेवटी सेवेचा प्रकार. उत्तरात ‘के’ आलं तर मंजूर, ‘ओ’ आलं तर दुसरी वेळ देऊ केली, ‘यू’ आलं तर नकार.

या एका ओळीत तीन चुका पुन्हापुन्हा होतात. पहिली वाराची. वेळा यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, लिहायच्या असतात. यूटीसीच्या साडेपाच तास पुढे असलेल्या शहरात सोमवारी पहाटे चारला निघणारं विमान यूटीसीत रविवारी रात्री साडेदहाला निघतं. वेळ बदलली पण वारांचा गट तसाच राहिला, तर सगळी मालिका एक दिवस पुढे पडते. दुसरी चूक मुक्कामाची. विमान रात्री येऊन सकाळी निघणार असेल तर तशी खूण टाकावी लागते. ती राहिली की कागदावर विमान येण्याआधीच निघालेलं दिसतं आणि ओळ परत येते. तिसरी घड्याळाची. अमेरिकेत उन्हाळी वेळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी लागते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी संपते. युरोपची तारीख वेगळी. मधल्या आठवड्यांत दोन्ही टोकांमधलं अंतर एका तासाने बदलतं. त्या आठवड्यांसाठी कुठल्यातरी एका टोकाला वेगळी ओळ टाकावी लागते. ती नसेल तर मार्चमध्ये दोन-तीन आठवडे विमान एका टोकाला चुकीच्या तासाला पोचणार, हे ठरलेलंच.

वाटपाचा क्रम असा: आधी हिस्टॉरिक, मग त्याच हिस्टॉरिक स्लॉटची वेळ बदलून मागणाऱ्या विनंत्या, आणि उरेल तो ‘पूल’, म्हणजे सामाईक साठा. पूलमध्ये नव्याने निर्माण झालेली क्षमता, परत आलेले आणि गमावलेले स्लॉट येतात. पहिल्या वाटपात पूलचा अर्धा भाग नवागतांसाठी असतो. नवागताची व्याख्या मात्र फार अरुंद आहे. युरोपीय कायद्यात, मागितलेला स्लॉट धरूनही त्या दिवशी त्या विमानतळावर पाचपेक्षा कमी स्लॉट असतील तरच कंपनी नवागत. जागतिक तत्त्वांत ही मर्यादा सातपर्यंत वाढवली आहे. आगमन एक आणि निर्गमन एक धरलं की पाचपेक्षा कमी म्हणजे दिवसाला दोन फेऱ्या. तेवढ्या जमल्या की कंपनी नवागत राहत नाही, पण त्या विमानतळावर मोठ्या कंपनीशी टक्कर देण्याइतकी मोठीही झालेली नसते. या व्याख्येमुळे स्पर्धा वाढण्याऐवजी एकेका विमानतळावर दोन-दोन फेऱ्यांच्या कंपन्यांची रांग लागते, असं माझं ठाम मत आहे.

नव्या कंपनीने मागताना काय करावं? एकच वेळ धरून बसू नये. आपण किती मिनिटं आधी-नंतर चालवून घेऊ हे कळवता येतं, ते कळवावं. नाकारलेली विनंती प्रतीक्षायादीत राहते, ती मागे घेऊ नये. १५ जानेवारीच्या आसपास मोठ्या कंपन्या नको असलेल्या मालिका सोडतात, तेव्हा यादीत ज्याचं नाव आहे त्यालाच त्या मिळू शकतात. आणि देऊ केलेली दुपारची पडेल वेळ नाकारू नये. ती पूर्ण हंगाम चालवली की हिस्टॉरिक होते, आणि मग वेळ बदलून मागताना आपण पूलमधून नवं मागणाऱ्यांच्या पुढे असतो. चांगल्या वेळा अनेकदा अशाच येतात: पाच-दहा मिनिटांनी सरकत, हंगामामागून हंगाम.

परिषदेत हेच सरकवणं समोरासमोर चालतं. को-ऑर्डिनेटरांची टेबलं मांडलेली असतात, प्रत्येक कंपनीला मोजक्या मिनिटांची भेट मिळते. खरं काम त्या भेटींच्या मधल्या वेळात होतं. एका कंपनीकडे ०९:१० चं निर्गमन आहे, तिला ०९:३५ हवं; दुसरीकडे ०९:३५ आहे, पण तिचं विमान समोरच्या टोकाहून लवकर परत यायला हवं. दोघी मिळून टेबलाशी जातात, को-ऑर्डिनेटर क्षमता तपासतो आणि एकास एक अदलाबदल मंजूर होते. तीन-चार कंपन्यांची साखळीही जुळते. दुसऱ्या टोकाचा विमानतळही भरलेला असेल तर तिथली वेळ जुळल्याशिवाय इथलं यश कामाचं नाही. आगमन मिळालं, पण निर्गमन चार तासांनी, असं झालं तर विमान तेवढा वेळ उभं राहणार. स्टँडचं भाडं वर.

आता वापराचा हिशेब. मालिका म्हणजे एकाच वारी, एकाच वेळी, किमान पाच आठवड्यांचे स्लॉट. त्यातले ८० टक्के वापरले तर पुढच्या वर्षी त्याच हंगामासाठी हक्क राहतो. २०२६ चा उन्हाळी हंगाम २९ मार्च ते २४ ऑक्टोबर, ३० आठवड्यांचा. सोमवारच्या ३० फेऱ्यांपैकी २४ व्हायलाच हव्यात. सहा खाडे चालतात, सातव्याला सोमवारची सगळी मालिका हातची जाते. त्यानंतरचा हिवाळा २२ आठवड्यांचा: ८० टक्के म्हणजे १७.६, म्हणून १८ फेऱ्या, खाडे फक्त चार. जागतिक तत्त्वांनुसार प्रत्येक वार स्वतंत्र मालिका धरला जातो. ‘आमची रोजची फ्लाइट ९० टक्के चालली’ हा युक्तिवाद मंगळवारच्या मालिकेत पाच खाडे पडलेल्या कंपनीला त्या हिवाळ्यात वाचवत नाही.

विमानतळ बंद पडणं, हवाई हद्द बंद होणं, विमानाचा एखादा प्रकारच जमिनीवर आणला जाणं अशी कारणं खाड्यात धरत नाहीत, पण तसा अर्ज पुराव्यासह करावा लागतो. तिकिटं खपली नाहीत हे कारण चालत नाही. उलट ३१ जानेवारीआधी कमी केलेल्या फेऱ्या हिशेबातच येत नाहीत. म्हणून हंगामाचा नेटवर्क आराखडा जानेवारीत प्रामाणिकपणे तपासणं हे स्लॉट विभागाचं सगळ्यात मोलाचं काम. नंतरचे आठ आठवडे चालवणं जमणार नाही हे जानेवारीत कळवलं, तर उरलेल्या आठवड्यांवरचा हक्क शाबूत राहतो. ऑगस्टमध्ये रद्द केले, तर ३० मधले आठ गेले आणि मालिका बुडाली. आणखी एक: स्लॉट ०९:०० चा घेऊन जाहीर वेळापत्रकात मुद्दाम ०८:३० ची वेळ लावली तर तो गैरवापर ठरतो. वेळापत्रकं रोज पडताळली जातात, दंड होतो आणि हक्कही जाऊ शकतो.

याच नियमामुळे जवळपास रिकामी विमानं उडतात. कोविडच्या काळात युरोपने मार्च २०२० पासून नियम स्थगित केला, मग उंबरठा ५० टक्के, २०२२ च्या उन्हाळ्यात ६४, हिवाळ्यात ७५ आणि २०२३ च्या उन्हाळ्यात पुन्हा ८० असा चढवला. २०२१-२२ च्या हिवाळ्यात, स्लॉट टिकवण्यासाठी १८,००० अनावश्यक फेऱ्या कराव्या लागतील असं लुफ्थान्सा समूहाने जाहीरपणे सांगितलं होतं. इंधन जाळून हक्क टिकवावा लागतो हे दुखणं खरं आहे. पण वापराची अट काढली तर जुन्या कंपन्या वेळा अडवून ठेवतील आणि नव्यांना दार कायमचं बंद होईल, हेही तितकंच खरं.

खरेदी-विक्रीकडे येऊ. युरोपीय कायद्याने अदलाबदलीला परवानगी दिली, पण पैशांबद्दल मौन पाळलं. या मौनाचा अर्थ १९९९ मध्ये लंडनच्या हायकोर्टात ठरला. एअर यूकेने गर्न्सी बेटाच्या सेवेचे हीथ्रो स्लॉट ब्रिटिश एअरवेजला दिले, बदल्यात कमी कामाच्या वेळा आणि पैसे घेतले. बेटाच्या प्रशासनाने दाद मागितली. सोबत पैसे दिले-घेतले म्हणून अदलाबदल बेकायदा ठरत नाही, असा निकाल लागला. तेव्हापासून विक्रीचा साचा ठरून गेला: घेणारा पूलमधून रात्रीचा किंवा कोणालाच नको असलेला एखादा स्लॉट मागून घेतो, तो विकणाऱ्याच्या चांगल्या स्लॉटशी बदलतो, आणि विकणारा तो पडेल स्लॉट नंतर परत करून टाकतो. कागदावर अदलाबदल, व्यवहारात विक्री. २००८ मध्ये युरोपीय आयोगानेही अशा खुल्या व्यवहारांना आडकाठी करणार नसल्याचं सांगितलं.

भावाचा अंदाज येण्यासाठी काही व्यवहार. युरोप-अमेरिका खुल्या आकाशाचा करार मार्च २००८ मध्ये लागू झाला. तोवर हीथ्रो-अमेरिका मार्गावर दोन अमेरिकी आणि दोन ब्रिटिश कंपन्यांनाच मुभा होती. मुभा सगळ्यांना मिळाली, पण स्लॉट तेवढेच होते. अमेरिकेच्या कॉन्टिनेन्टल कंपनीने चार जोड्यांसाठी २०.९ कोटी डॉलर मोजले. जेट एअरवेजने २०१३ मध्ये तीन जोड्या एतिहादला ७ कोटी डॉलरना विकून त्याच जोड्या भाड्याने परत घेतल्या. २०१६ मध्ये ओमान एअरने एअर फ्रान्स-केएलएमकडून घेतलेल्या एका जोडीसाठी ७.५ कोटी डॉलर दिल्याचं वृत्त होतं, तीही पहाटेच्या आगमनाची. पहाटे उतरलेला प्रवासी सकाळच्या सगळ्या जोडफ्लाइट पकडू शकतो, म्हणून ती वेळ महाग. दुपारची वेळ त्याच्या जवळपासही जात नाही. स्लॉट तारण ठेवून कर्जही उभं राहतं: व्हर्जिन अटलांटिकने २०१५ मध्ये हीथ्रोच्या स्लॉटवर २२ कोटी पौंडांचे रोखे काढले.

अमेरिकेची वाट निराळी. तिथे १ एप्रिल १९८६ पासून देशांतर्गत स्लॉटची खरेदी-विक्री आणि भाडं नियमानेच मान्य झालं, अट एवढीच की वापर राहिला पाहिजे. आज न्यूयॉर्कचे जेएफके व लाग्वार्डिया आणि वॉशिंग्टन नॅशनल या तीन विमानतळांवर नियंत्रण उरलं आहे. २०११ मध्ये डेल्टाने यूएस एअरवेजकडून लाग्वार्डियाच्या १३२ जोड्या घेतल्या आणि बदल्यात नॅशनलच्या ४२ जोड्या व ६.६५ कोटी डॉलर दिले. सरकारने अट घातली म्हणून त्या सौद्यातल्या काही जोड्यांचा लिलाव झाला आणि त्या जेटब्लू व वेस्टजेटकडे गेल्या. सरकारनेच न्यूयॉर्कचे स्लॉट थेट लिलावात काढण्याचा बेत २००८ मध्ये केला होता. तो कोर्टात अडकला आणि पुढच्या वर्षी मागे घेतला गेला.

दिवाळखोरीत तर हा हक्क कंपनीची शेवटची किमती चीज ठरतो. ब्रिटिश विमान कंपनी मोनार्क २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये बंद पडली, पण उन्हाळा तिने चालवला होता. त्यामुळे पुढच्या उन्हाळ्याचे स्लॉट तिला मिळायलाच हवेत, असा निकाल अपील कोर्टाने दिला आणि दिवाळखोरी प्रशासकांना ते विकता आले. बुडालेल्या थॉमस कुक या ब्रिटिश पर्यटन कंपनीचे गॅटविक आणि ब्रिस्टलचे स्लॉट २०१९ मध्ये इझीजेटने ३.६ कोटी पौंडांना घेतले.

व्यवहार बिघडतात ते किमतीवरून क्वचित, तपशिलावरून बहुतेकदा. ‘वर्षभराची रोजची जोडी’ असं काही एक नसतं. उन्हाळ्याचे सात वार आणि हिवाळ्याचे सात वार, आगमन आणि निर्गमन धरून अठ्ठावीस मालिका असतात, आणि त्यातली शनिवारची एखादी दहा मिनिटांनी वेगळी किंवा मागच्या हिवाळ्यात गमावलेली निघते. म्हणून विक्रेत्याच्या तक्त्यावर न जाता को-ऑर्डिनेटरच्या नोंदीवरून ओळ-ओळ तपासावी. विकणाऱ्याचं विमान १५० आसनांचं आणि घेणाऱ्याचं ३००, तर धावपट्टी तीच असली तरी टर्मिनल आणि स्टँडची तपासणी नव्याने होते आणि अदलाबदल तिथे अडू शकते. टर्मिनल वेगळं असलं तरी तेच. नवागत म्हणून मिळालेला स्लॉट दोन समान हंगाम चालवल्याशिवाय हस्तांतरित करता येत नाही, तेव्हा तो मिळाला कसा होता हेही विचारावं. पैसे को-ऑर्डिनेटरच्या मंजुरीशी बांधावेत, करारावरच्या सहीशी बांधू नयेत.

भाड्याच्या करारात वापराचं कलम सगळ्यात आधी लिहावं. मालिका मालकाकडे परत येते ती भाडेकरूने राखलेल्या हिशेबासह. त्याने सात सोमवार बुडवले असतील तर परत यायला काही उरलेलंच नसतं. म्हणून ८० ऐवजी ९० टक्क्यांची अट, दर महिन्याला वापराचा तक्ता, चौथ्या खाड्यानंतर मालकाला स्वतःचं विमान पाठवण्याची मुभा आणि मालिका गेल्यास पूर्ण किमतीची भरपाई, एवढं लिहून घ्यावं. ताबा हंगामाच्या मध्येच बदलणार असेल, तर त्या तारखेपर्यंत प्रत्येक वारी किती फेऱ्या झाल्या आणि किती खाडे पडले, आणि ते कोणाच्या खात्यात धरले जातील, याचं उत्तर को-ऑर्डिनेटरकडून लेखी घेऊन मगच सही करावी.